वर पाच, खाली सहा

जुना आहे मी, मित्रांनो, आणि अर्धा ओला. पाणी मोजायचा सागवानी दांडा. अकोटच्या उत्तरेला, जिथून सातपुडा निळा दिसायला लागतो, तिथल्या एका वस्तीच्या विहिरीत मी बारा वर्षं उभा होतो. माणसं मला बघून पाणी किती ते सांगत. मी माणसांना बघून माणसं किती ते मोजत असे. पाण्याचा हिशेब माझा कधी चुकला नाही. माणसांचा मात्र नऊ वर्षं एकाने चुकत राहिला. ती चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. कारण काही चुकलं की लोक पहिलं बोट दांड्याकडे दाखवतात.

माझा जन्म सेमाडोहच्या रानातला. तिथे मी उंच होतो आणि मला आकडे नव्हते. मग कुऱ्हाड आली, करवत आली, परतवाड्याला माझी दोन खांडं झाली. प्रत्येक खांड सात हातांचं. दोन्ही खांडं अकोटला आणून, लोखंडी पट्टीने एकाला एक जोडून, त्यांचा एक दांडा केला. तो मी.

मला रंगवायला पंजाबराव आला. अकोटात जिनिंगच्या फाटकांवरची नावं, बैलांच्या दमण्यांवरचे मोर आणि सिनेमाच्या पाट्या, सगळं याच्याच ब्रशातलं. माणूस हाताचा सरळ, डोक्याचा थोडा तिरपा. सोबत उभे होते शालिकराम गुरुजी, वस्तीच्या शाळेचे मास्तर.

"सात आकडे वरतं, सात खाले," पंजाबराव म्हणाला. "चौदा झाले. लिवतो."

"पंधरा," गुरुजी म्हणाले. "मधे जोडावर शून्य."

"शून्य म्हंजे काईच नाई ना गुरुजी? मंग काईच नाई ते लिवायचं कायले?"

"तिथं काही नाही हे कळायला तरी काहीतरी लिहावं लागतं, पंजाबराव. वर आणि खाली कुठून मोजायचं ते शून्यच सांगतं."

पंजाबरावाने कुरकुरत पट्टीवर शून्य काढलं. शून्याच्या वर एक ते सात पांढऱ्या रंगात. खाली पुन्हा एक ते सात, पण पिवळ्या रंगात, आणि प्रत्येकाच्या डावीकडे एक आडवी रेघ. ही रेघ म्हणजे उणे. खालच्या टोकाचा उणे सात रंगवून झाल्यावर तो मागे सरून म्हणाला, "हा सगळ्यात मोठा ना?"

"सगळ्यात लहान," गुरुजी म्हणाले. "जितकं खाली, तितकं लहान. उणे दोनपेक्षा उणे सात लहान."

पंजाबराव हसला. त्याला वाटलं, गुरुजी थट्टा करताहेत. बऱ्याच लोकांना असंच वाटतं.

आता विहिरीचं सांगतो, जसं काठावर ऐकलं तसं. छप्पन साली नवा धम्म घेतल्यावर वस्तीने ठरवलं की दुसऱ्याच्या काठावर घागर घेऊन उभं राहायचं नाही, आपली विहीर आपण खणायची. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात सहा गडी कामाला लागले. त्यांचा म्होरक्या होता जानराव, आणि त्याच्यासोबत त्याचा थोरला भाऊ देवमन. जानरावाने एक पद्धत घालून दिली होती. खाली उतरणाऱ्याने काठावरच्या खापरात आपला एक गोटा टाकायचा आणि म्हणायचं, "चाललो." वर आला की तो उचलायचा आणि म्हणायचं, "आलो." खापरात गोटे जितके, खाली माणसं तितकी. खापर रिकामं, म्हणजे शून्य, म्हणजे सगळे वर. आता खुशाल सुरुंग उडवा. लिहिता न येणाऱ्या माणसांनी केलेला इतका चोख हिशेब मी पुढे कुठे पाहिला नाही.

देवमनचा गोटा पांढरा होता. गारगोटी, मधून एक तांबडी रेघ गेलेली.

सुरुंगाने सैल झालेला एक धोंडा एका सकाळी देवमनवर आला. त्याला वर काढलं, माती दिली. त्या गडबडीत त्याचा गोटा उचलायला कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. राहिलं असतं तरी "आलो" कोण म्हणणार? दहा दिवसांनी पाणी लागलं.

पावसाळा सरल्यावर, कार्तिकात, विहिरीचं उद्घाटन झालं. विकास गटाचे एक साहेब जीपने आले. त्या दिवशी पाणी जिथे होतं तिथे माझं शून्य येईल अशा बेताने मला विहिरीच्या भिंतीत बसवलं. काठावर एक शिळा लावायची होती. साहेबांनी विचारलं, "काम करणारे हजर किती?"

खणणाऱ्यांपैकी श्रावण पुढे होता. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "पाच, साहेब."

तो खोटं बोलला नाही, मित्रांनो. हजर पाचच होते. पंजाबरावाने शिळेवर लिहिलं, "ही विहीर पाच जणांनी श्रमदानाने खणली." खाली पाच नावं. साहेबांची सही.

बायकांच्या घोळक्यात मागे देवमनची बायको चतुराबाई उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. गर्दी पांगल्यावर ती पंजाबरावाजवळ आली.

"भाऊ, नावं पाच लिवले. खणणारे सहा होते."

"अवो बाई, साहेबाच्या सहीचा मजकूर हाय. एक काना वाढोला तरी चौकशी लागंन." मग त्याला जरा वाईट वाटलं असावं, कारण तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "अन् हिशेबानं पायलं तरी काय फरक पडते? गेला तो माणूस शून्य झाला. पाचात शून्य मिळोलं तर पाचच ना!"

चतुराबाईला एवढंच कळलं की यात कुठेतरी खोट आहे, पण कुठे ते दाखवता येत नाही. खोटा हिशेब ऐकून गप्प बसावं लागलेल्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

खापराऐवजी आता काठाचा कोनाडा वापरायचा होता, म्हणून जानराव खापरात उरलेला एकच गोटा तिथे ठेवायला निघाला. तो देवमनचा; हातात घेऊन जानराव थांबला.

"वयनी, हा घरी नेतं काय?"

"ठेवा तिथंच," ती म्हणाली. "शिळेवर नाव नाई, मंग वरतं आला कसा? जवा नाव लागंन तवा उचलीन मी."

तेव्हापासून तो गोटा कोनाड्यात राहिला. वस्तीने ते मानलं. दर उन्हाळ्यात गाळ काढायला गडी उतरत, त्याच कोनाड्यात आपापले गोटे टाकत, वर येऊन उचलत, आणि शेवटी एक उरे. "एक राह्यला, म्हंजे सगळे आले," असं म्हणायची सवय लागली. शून्य सरकून एकावर गेलं. शून्य असं सरकवायला माझी हरकत नाही. पण ते सरकलेलं आहे हे शेवटच्या माणसालाही ठाऊक पाहिजे, आणि परत जागेवर गेलं तर तेही कळलं पाहिजे. इथे तसं झालं नाही. ते पुढे येईलच.

आधी पाण्यातली गोष्ट सांगतो. ही मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

श्रावण-भादव्यात पाणी माझ्या पाचापर्यंत चढे, चैत्र-वैशाखात उणे पाचापर्यंत उतरे. म्हणजे वर्षातून दोनदा ते शून्यावरून जाई. चढताना गढूळ असे. उतरताना, कार्तिकातल्या एका सकाळी, ते शून्यावर नितळ थांबे; एक तरंग नाही. त्या सकाळी माझ्या वरच्या तीनचं प्रतिबिंब पाण्यात नेमकं उणे तीनवर पडे. पाचचं उणे पाचवर. प्रत्येक आकड्याला त्याचा जोडीदार मिळे. तीन आणि उणे तीन, दोघांची बेरीज शून्य. कोणी कोणाच्या पुढे नाही, मागे नाही. इतर दिवशी हे जमत नाही. पाणी उणे दोनवर गेलं की वरचा तीन जाऊन पडतो उणे सातवर, परक्याच्या घरी.

तर अशा सकाळी पाच बाया घागरी घेऊन आल्या. पाचही जणी काठावरून वाकल्या. मी सवयीने मोजलं. वर पाच.

खाली सहा.

मी पुन्हा मोजलं. दांड्याला घाई नसते. पार्बताबाईचं नाक, दुर्गाबाईची नथ, इंदूबाईचा पुढे आलेला दात, माणिकबाईचं गोंदण, चतुराबाईचा पदर. आणि त्यांच्या मागे, जरा खाली, एक मुंडासं बांधलेला चेहरा. वर पाच, खाली उणे सहा. बेरीज शून्य यायला पाहिजे होती. येत होती उणे एक.

सोडायला घेतलेला दोर पार्बताबाईच्या हातात तसाच राहिला. इंदूबाईने घागर उचलली, ती रिकामीच. पण बोललं कोणी नाही. याचंही कारण सांगतो. वस्तीने नव्या धम्मासोबत ठरवलं होतं की भूतखेत मानायचं नाही. पार्बताबाईने तर भर सभेत उठून सांगितलं होतं, "भूत दाखवा, एक नारळ इनाम देतो." आता तिनेच कसं सांगावं? जी ती आपल्यापुरती घाबरली. घाबरण्याची बेरीज केली असती तर चार भरली असती. चार, कारण पाचवी घाबरली नव्हती.

चतुराबाई बाकीच्या गेल्यावर परत आली. एकटी वाकली. पाण्यात दोघं. तिने पदर नीट केला, जसा घरचं माणूस बघत असताना करतात तसा. काही वेळ पाहिलं आणि निघून गेली. पुढे दर कार्तिकात, त्या एका सकाळी, ती अशी येत राहिली.

एकोणसाठ साली गुरुजींनी प्रौढांचा वर्ग काढला. वर्ग विहिरीच्या काठावरच भरे, दिवस कलता, बायका पाण्याला आल्या की. फळा म्हणजे मी. आवडती शिष्या पार्बताबाई, कारण ती भांडे.

"पाणी दोनावर होतं, पाच हात उतरलं. आता कुठं?"

"तीनावर," पार्बताबाई.

"वरच्या तीनावर की खालच्या?"

"आता तीन म्हंजे तीन, गुरुजी! वरतं काय अन् खाले काय, दोन गावं हायेत काय त्याचे?"

चतुराबाईने बोटाने माझ्यावरून उतरत मोजलं. दोनावरून एक, एकावरून शून्य, मग उणे एक, उणे दोन, उणे तीन. "खालच्या," ती म्हणाली. "शून्याखाले बी घर हाय त्यायचं."

"आणि शून्यातून एक गेला तर?"

"शून्यातून काय जाईन, कपाळ!" पार्बताबाई म्हणाली. "तिथं हायच काय जायले?"

"जाते," चतुराबाई हळू म्हणाली. "गेल्यावर शून्य नाई राहत. त्याच्याबी खाले जाते."

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं आणि त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

ती कशासाठी शिकते आहे हे मला ठाऊक होतं. बाकीच्यांना सही करता यायला हवी होती, बसची पाटी वाचायची होती. चतुराबाईला पंजाबरावाच्या एका हिशेबाचं उत्तर हवं होतं. पाच अधिक शून्य पाच, यात खोट कुठे आहे? ती मिळेपर्यंत तिचा माणूस कोनाड्यात पडून राहणार होता.

सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात माझे आकडे संपले.

आदल्या साली पाऊस झाला नव्हता. पाणी उणे पाचाखाली गेलं, उणे सहा, उणे सात, आणि मग माझ्या टोकाखाली गेलं. मला वाटत होतं की जिथे मी संपतो तिथे आकडे संपतात. पाणी खाली जातच राहिलं. उणे आठ, उणे नऊ, उणे दहा. मी नव्हतो, तरी ते आकडे होते. वरच्या अंगालाही तसंच असणार, सातानंतर आठ, आभाळापर्यंत आणि त्याच्याही पुढे. आपण दोन्हीकडून अपुरे आहोत हे कळण्यासारखा उन्हाळा पुन्हा कोणाच्या वाट्याला न येवो.

तळाशी डबकं उरलं, घमेल्याएवढं. वस्तीने ठरवलं, आणखी खोल जायचं, सुरुंग लावून. तालुक्याहून परवानावाला सुरुंगवाला आला, तारांचं भेंडोळं आणि दट्ट्याची पेटी घेऊन. दट्ट्या दाबला की तळाशी धडाका. पंजाबरावालाही बोलावलं होतं, मला खाली जोडायच्या नव्या खांडावर उणे आठ ते उणे बारा लिहायला.

सकाळी पंजाबराव लिंबाखाली बसला. वारा होता. आकड्यांचा कागद उडत होता. त्याने इकडे तिकडे पाहिलं, काठाच्या कोनाड्यात हात घातला, एक गोटा काढला आणि कागदावर ठेवला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोनाड्यात गोटा, कागद उडतोय. दोन आणि दोन चार.

मी ओरडलो असतो, मित्रांनो. दांड्याला तोंड नसतं.

मग चौघं उतरले: श्रावण, दोन जवान गडी आणि जानराव, जो आता साठीला आला होता आणि सुरुंगांनी कानाला जड झाला होता. चौघांनी चार गोटे टाकले. "चाललो. चाललो. चाललो. चाललो." कोनाड्यात किती झाले ते कोणी मोजलं नाही. पाचच असणार, चार आणि एक.

दुपारपर्यंत भोकं पाडली, दारू भरली, तारा जोडल्या. जानरावाने श्रावणला खूण केली की तू हो पुढे. नंतर जानरावाला आठवलं की आपली पहार कपारीत राहिली. खालच्या बाजूला एक आडवी कपार होती, माणूस वाकून आत जाईल एवढी. तो आत गेला. श्रावणने मागे पाहिलं, जानराव दिसला नाही. त्याला वाटलं, म्हातारा आपल्या आधीच दुसऱ्या दोराने वर गेला. बिडी ओढत बसला असेल लिंबाखाली.

तिघं वर आले. तिघांनी आपापले गोटे उचलले. "आलो. आलो. आलो."

"झाले काय सगळे?" सुरुंगवाल्याने विचारलं.

श्रावणने कोनाड्यात वाकून पाहिलं. आत अंधार, मुरमाची धूळ. त्या धुळीत सगळे गोटे एका रंगाचे. एक होता.

"एक राह्यला," तो म्हणाला. "म्हंजे सगळे आले. तो देवमनभाऊचा हाय."

नऊ वर्षांची सवय. एक म्हणजे शून्य.

सुरुंगवाल्याने लोकांना मागे सारलं. तेवढ्यात चतुराबाई भाकरीचं फडकं घेऊन आली. सगळे मागे सरत होते, ती पुढे गेली आणि काठावरून वाकली.

"अवो बाई, मांगं व्हा!"

तिने खाली काय पाहिलं ते तिने कधी कोणाला सांगितलं नाही. मी काय पाहिलं ते सांगतो. उणे दहावरच्या त्या घमेल्याएवढ्या डबक्यात दोन चेहरे होते. कार्तिक नव्हता, पाणी शून्यावर नव्हतं, तरी होते. एक चतुराबाईचा, वर बघणारा. दुसरा मुंडासंवाला. तो वर बघत नव्हता. तो बाजूला, कपारीकडे बघत होता.

चतुराबाई ताठ झाली. मागे वळली. तिची नजर लिंबाखाली गेली. पंजाबरावाच्या कागदावर पांढरी गारगोटी, मधून तांबडी रेघ.

मी तिला मोजताना पाहिलं. ओठ हलत होते, वर्गात हलत तसे. तो गोटा इथे. मग कोनाड्यात शून्य पाहिजे. कोनाड्यात एक आहे. मग तो एक कोणाचा?

"थांबाऽऽ!" ती ओरडली. "खाले माणूस हाय!"

"अवो वयनी, तो भाऊचा गोटा..." श्रावण म्हणाला.

"भाऊचा गोटा थो पाय, त्या रंगाऱ्याच्या कागदावर! मंग इथं एक कोनाचा? मोज रे श्रावण! आपला आपला माणूस मोज!"

श्रावणने मोजलं. एक, दोन, तीन. चौथ्यासाठी त्याने लिंबाखाली पाहिलं; तिथे जानराव नव्हता. सुरुंगवाल्याने दट्ट्यावरचा हात असा काढला, जसा तव्यावरून काढतात, आणि पेटीच्या तारा उपटून दूर फेकल्या.

दोर खाली गेला. जानराव कपारीतून बाहेर आला, खांद्यावर पहार, एकदम निवांत. वर आल्यावर सगळ्यांचे पांढरे चेहरे बघून म्हणाला, "काय झालं बाप्पा? कोनाचं लगन मोडलं काय?"

श्रावणने कोनाड्याकडे बोट दाखवलं. जानरावाने कोनाड्यात हात घालून गोटा काढला आणि धूळ पुसली. तो त्याचाच होता, काळा. "आलो," तो म्हणाला. मग आत पुन्हा हात फिरवला. "अन् भाऊचा कुठं गेला?"

पंजाबराव उठून आला. गारगोटी त्याच्या तळव्यावर होती. तिला पिवळा रंग लागला होता. "बाई, मले मालूम नवतं," तो म्हणाला. "मले वाटलं, एक गोटा तं हाय, त्यानं काय होते."

"तुमाले तवाबी असंच वाटलं होतं," चतुराबाई म्हणाली. आवाज चढा नव्हता. म्हणून सगळे ऐकू लागले. "तुमी म्हनले, गेला तो शून्य. शून्य म्हंजे जो कवाच नवता तो. माया घरचा मानूस होता. सहा होते, एक गेला, पाच राह्यले. पाच कुठून आले ते लिवा ना! सहा बी लिवा अन् गेला तो बी लिवा, मंग पाच खरे. नुसते पाच लिवसान तर तो मेला नाई, पुसला गेला."

पंजाबराव शिळेकडे पाहत राहिला. "साहेबाची सही..." तो सवयीने म्हणाला.

"साहेब खाले उतरला होता काय?"

पंजाबराव ब्रश धुऊ लागला. त्याने "पाच" पुसून "सहा" केलं. पाच नावांच्या खाली जागा नव्हती, म्हणून वर, सगळ्यांच्या आधी, त्याने देवमन लिहिलं. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाकडी ओळ ती; हात सरळ असलेल्या माणसाची. तिच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही.

"वयनी," जानराव म्हणाला, "गोटा ठेवतं काय परत?"

चतुराबाईने गारगोटी हातात घेतली. मला तेव्हा जे कळलं ते तिलाही कळलं होतं. गोटा परत ठेवला तर शून्य पुन्हा सरकणार, आणि कधीतरी पुन्हा एक माणूस एकाच्या सवयीत हरवणार. गोटा उचलला तर तो वर आला. उणे एक काढून घेतला की एक मिळवल्यासारखं होतं, हे ती माझ्यावरच बोट ठेवून शिकली होती. आणि एकदा वर आलेला माणूस खाली दिसत नाही.

तिने बराच वेळ घेतला. सुरुंगवाल्यानेही घाई केली नाही.

मग तिने गोटा पदरात बांधला. "आले," ती म्हणाली.

कोनाडा रिकामा झाला. शून्य आपल्या जागेवर आलं. दुपार कलताना सुरुंग उडाला आणि उणे बारावर पाणी लागलं.

त्या वर्षी पाऊस झाला. कार्तिकात पाणी शून्यावर आलं, नितळ. पाच बाया वाकल्या. वर पाच, खाली पाच. पार्बताबाईने मोठ्याने श्वास सोडला आणि लगेच म्हणाली, "थंडी पडली बाप्पा!" बेरीज शून्य. नऊ वर्षांनी माझा हिशेब जुळला होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता.

सगळ्या गेल्यावर चतुराबाई परत आली. एकटी वाकली. पाण्यात एकटी. तिने पदर नीट केला. मग थोडा वेळ थांबून पुन्हा नीट केला. पुढच्या कार्तिकात ती आली नाही.

एकोणसत्तर साली वस्तीत नळ आला आणि माझं काम संपलं. मला काढताना जोडावरची पट्टी गंजून तुटली. वरचं खांड निघालं, खालचं भिंतीत रुतून राहिलं. आता वरचा मी शाळेच्या ओसरीत आहे. माझ्यावर दोडक्याचा वेल चढवला आहे, आणि मुलं माझ्या एक ते सातावर पाठ टेकून उंची मोजतात. खालचा मी अजून विहिरीत आहे, काळोखात. मधलं शून्य भंगारात गेलं. मी बोलतोय ते नक्की कुठून, हे मलाच सांगता येत नाही. कधी कधी एखादं पोर माझ्या तीनला टेकून उभं राहतं, आणि खाली उणे तीनला कोणीतरी टेकल्याचं मला जाणवतं.

त्या विहिरीत हल्ली लोक केरकचरा टाकतात. टाकू नका, मित्रांनो. ती सहा माणसांनी खणली आहे. आणि कोणी तुमच्यातून गेला, तर त्याला शून्य समजू नका; नाव लिहा, ओळ वाकडी आली तरी चालेल.

कधी त्या वाटेने गेलात आणि पाणी नितळ असलं, तर काठ धरून जरा वाका. वर किती ते मोजा, खाली किती ते मोजा. सारखे आले तर निर्धास्त घरी जा. सारखे आले नाहीत, तर घाबरू नका, पळू नका. काठावर बसा, आणि कोणाचं नाव लिहायचं राहून गेलं ते आठवा.